स्फटिकांतील न दिसणारे ठिपके



दिवाळीच्या दिवसांत अंगणांत ठिपक्यांची रांगोळी घालतांना आपण सर्वांनीं पाहिलें आहे. भोकें पाडलेला कागद जमिनीवर ठेवावयाचा, त्यावरून रांगोळीची पूड फिरवावयाची आणि कागद अलगद उचलावयाचा. खालीं ठिपक्यांच्या सरळ रांगा उमटलेल्या असतात. अंगण मोठें असलें तर तोच कागद शेवटच्या रांगेशीं जुळवून पुढें सरकवितात व पुन्हा पूड फिरवितात. कागद नीट जुळला असेल तर एक कागद कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला, हें रांगोळी घालणारीलाहि मागाहून सांगतां येत नाहीं. मग त्या ठिपक्यांवर कोणी कमळें काढतें, कोणी शंख, तर कोणी कुयऱ्या. चित्र बदलतें, ठिपके मात्र तेच राहतात.

आज ज्या इतिहासाविषयीं मला बोलावयाचें आहे, त्याचें मर्म या सरकविलेल्या कागदांत सांठविलेलें आहे. मीठ, खडीसाखर, तुरटी, हिरा यांच्या अंतर्भागांत अणूंची मांडणी अशाच न दिसणाऱ्या ठिपक्यांवर झालेली असते. हें मनुष्यानें प्रथम तर्कानें ओळखलें, मग गणितानें त्या मांडणीचे सारे संभवनीय प्रकार मोजले, आणि अखेरीस प्रयोगानें तिचें प्रत्यक्ष प्रमाण मिळविलें. या कामास तीनशें वर्षें लागलीं. पुढें ही गोष्ट निर्विवाद ठरली असें सर्वांस वाटूं लागलें असतां एका माणसाच्या दृष्टीस त्या नियमांत न बसणारी वस्तु पडली. त्याचें काय झालें, हाहि या इतिहासाचाच भाग आहे. आणि माझ्या मतें तोच अधिक बोधप्रद आहे.

आरंभ प्राग शहरांतील एका हिंवाळ्यापासून करूं. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हें ज्यानें दाखविलें, त्या योहान्नेस केप्लर यानें १६११ सालीं आपल्या एका आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून एक लहानशी लॅटिन पुस्तिका अर्पण केली. तिचा विषय होता हिमाचा कण. आकाशांतून पडणाऱ्या हिमकणास नेहमीं सहाच कोपरे कां असावेत? पांच कां नाहींत, सात कां नाहींत? केप्लरनें तोफेच्या गोळ्यांप्रमाणें एकावर एक रचलेल्या गोलांचा विचार केला. डाळिंबाचे दाणे आणि मधमाश्यांचें पोळें यांचाहि विचार केला. लहान लहान समान कणांच्या दाट रचनेंतून असे नियमित आकार निघूं शकतात, इथपर्यंत तो आला. परंतु निर्णायक उत्तर त्याला सांपडलें नाहीं, आणि तें सांपडलें असा आवहि त्यानें आणला नाहीं. पुढील पिढ्यांसाठीं त्यानें प्रश्न तेवढा नीट मांडून ठेवला.

दुसरें पाऊल पडलें इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं. तेथें राहणारा स्टेनो नांवाचा डेन्मार्कचा विद्वान् गारेचे स्फटिक न्याहाळीत होता. कोणता लांब, कोणता आखूड, कोणाची एक बाजू फुगलेली तर कोणाची दबलेली. दोन स्फटिक सारखे म्हणून मिळावयाचे नाहींत. परंतु त्यांच्या बाजूंमधील कोन मात्र प्रत्येक स्फटिकांत तेच येतात, ही गोष्ट त्याच्या १६६९ मधील ग्रंथांत आली आहे. शंभरांहून अधिक वर्षांनीं, १७८३ सालीं, फ्रान्समधील रोमे द लील यानें कोनमापक घेऊन शेंकडों खनिजें तपासलीं व हा नियम सर्व स्फटिकांना लागू आहे हें दाखवून दिलें. याचा अर्थ असा कीं स्फटिकाचें वरचें रूप योगायोगाचें असलें तरी त्याचे कोन कांहीं आंतल्या कारणानें ठरलेले असतात. तें कारण कोणतें?

त्याचें उत्तर एका अपघातांतून निघालें, अशी कथा सांगतात. रने-झ्यूस्त आउई हा एका गरीब विणकराचा मुलगा. पॅरिसमध्यें तो शिक्षक व पाद्री होता. एका मित्राच्या संग्रहांतील कॅल्साइटचा सुंदर स्फटिक पाहत असतां तो त्याच्या हातून खालीं पडला व फुटला. ओशाळलेला आउई तुकडे गोळा करूं लागला, तों त्याच्या ध्यानांत आलें कीं स्फटिकाचा मूळ आकार निराळा असला तरी फुटलेला प्रत्येक तुकडा एकाच आकाराचा, म्हणजे तिरप्या केलेल्या चौकोनी पेटीसारखा आहे. घरीं येऊन त्यानें आपल्या संग्रहांतील कॅल्साइटचे निरनिराळ्या आकारांचे स्फटिक एकामागून एक फोडले. आंत सर्वत्र तीच पेटी! १७८४ सालीं त्यानें आपला सिद्धांत प्रसिद्ध केला: प्रत्येक स्फटिक हा अत्यंत सूक्ष्म अशा एकसारख्या विटांचा रचलेला असतो. विटांचा प्रत्येक थर आधीच्या थराहून ठराविक विटांनीं आंत घेतला कीं पायऱ्या तयार होतात. पण विटा इतक्या लहान कीं आपल्या डोळ्यांना पायऱ्या न दिसतां गुळगुळीत तिरपी बाजू दिसते. एकाच विटेपासून अनेक आकार कसे होतात आणि तरीहि कोन ठराविकच कां येतात, हें या एका कल्पनेनें उलगडलें.

पुढें राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९२ सालीं, नव्या राजवटीची शपथ न घेणाऱ्या पाद्र्यांबरोबर आउईलाहि कैद झाली. सप्टेंबर महिन्यांत पॅरिसच्या तुरुंगांत कैद्यांची कत्तल झाली. तिच्या थोडे दिवस आधीं जॉफ्र्वा सँ-हिलेर या त्याच्या तरुण शिष्यानें खटपट करून त्याला सोडवून आणलें होतें. तसें झालें नसतें तर स्फटिकविद्येचा हा जनक आपलें काम अर्धें टाकून गेला असता.

आउईच्या कल्पनेंत एक अडचण होती. वीट म्हटली कीं ती कशाची, हा प्रश्न आलाच. त्याच्या मागून आलेल्यांनीं हळूहळू विटेचा आकार सोडून दिला आणि वीट ज्या ठिकाणीं ठेवावयाची तें ठिकाण तेवढें ध्यानांत घेतलें. म्हणजे पुन्हा आपली रांगोळी! कमळ काय काढलें आहे तें क्षणभर विसरा; ठिपके कसे पडले आहेत तेवढेंच पाहा. अवकाशांत तिन्ही दिशांना समान अंतरांवर पसरलेल्या अशा ठिपक्यांच्या मांडणीस आपण जालक म्हणतों. तिचें लक्षण एकच: सारी मांडणी उचलून एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर सरकविली, तर ती पूर्वीसारखीच दिसली पाहिजे. या गुणाला स्थानांतराची सममिति असें म्हणतात.

असे जालकाचे प्रकार किती? ओग्यूस्त ब्राव्हे यानें १८४८ सालीं फ्रेंच अकॅडमीपुढें निबंध वाचून सांगितलें कीं चौदा. ब्राव्हे हा नौदलांतील अधिकारी. उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गेन बेटांवर तो शास्त्रीय मोहिमेंत गेला होता, आणि मों ब्लां पर्वतावरहि चढला होता. त्याच्या आधीं फ्रांकेनहाइम या जर्मन पंडितानें पंधरा प्रकार मोजले होते. त्यांतील दोन वस्तुतः एकच आहेत, हें ब्राव्हेच्या लक्षांत आलें. चौदा म्हणजे चौदाच. पंधरावा कोणी शोधून काढील ही आशा व्यर्थ आहे, कारण येथें शोधाचा प्रश्न नसून गणिताचा आहे.

या गणितांतील एक फळ मीं आपणांस करून दाखवितों, कारण पुढील कथेचा सारा भार त्यावर आहे. पंचकोनी फरशांनीं जमीन भरून काढण्याचा यत्न केलात तर मध्यें फटी राहतात, हें कोणीहि गवंडी सांगेल. जालकाचेंहि तसेंच आहे. समजा, ठिपक्यांची मांडणी कोणत्याहि ठिपक्याभोंवतीं पंचमांश फेरा, म्हणजे ७२ अंश, फिरविली तरी जशीच्या तशी दिसते. तिच्यांतील सर्वांत जवळचे दोन ठिपके घ्या, एक डावा व एक उजवा. त्यांतील अंतर १० अंगुळें धरा. डाव्या ठिपक्याभोंवतीं उजवा ठिपका वरच्या अंगास ७२ अंश फिरवा. तो जेथें येईल तेथें एक ठिपका असलाच पाहिजे. तसाच उजव्याभोंवतीं डावा ठिपका वरच्या अंगास फिरवा. तेथेंहि एक ठिपका हवाच. आतां या दोन नव्या ठिपक्यांमधील अंतर मोजा. तें ४ अंगुळांहूनहि थोडें कमी भरतें! परंतु १० अंगुळांहून जवळ दोन ठिपके नाहींत असें आपणच म्हटलें होतें. अर्थात् अशी मांडणी असूंच शकत नाहीं. हाच प्रयोग ६० अंशांनीं केला तर दोन्ही नवे ठिपके एकाच जागीं येतात आणि विरोध उत्पन्न होत नाहीं. म्हणून जालकांत दोन, तीन, चार व सहा या आवर्तनांना जागा आहे, पांचाला नाहीं.

पुढें १८९१ सालीं रशियांत फ्योदोरॉव्ह व जर्मनींत शोएनफ्लीस या दोघांनीं स्वतंत्रपणें, परंतु पत्रांनीं एकमेकांच्या चुका सुधारीत, जालकावर काढतां येणाऱ्या सर्व रचनांची मोजदाद पूर्ण केली. त्यांचे प्रकार भरले २३०. इंग्लंडांतील बार्लो हाहि १८९४ सालीं त्याच संख्येस येऊन पोंचला. लक्षांत घ्या कीं त्या वेळीं अणूचें अस्तित्वहि सर्वांना मान्य नव्हतें. ज्या वस्तूंच्या असण्याविषयींच वाद होता, त्यांच्या मांडणीच्या २३० तऱ्हा लोकांनीं कागदावर लिहून ठेवल्या होत्या.

ही पुंजी १९१२ सालीं कामास आली. म्युनिक येथें माक्स फोन लाउए या तरुण शास्त्रज्ञाच्या मनांत एक विचार आला. क्ष-किरण १८९५ पासून ठाऊक होते, परंतु ते लाटा आहेत कीं कण आहेत याचा निर्णय झाला नव्हता. ते अत्यंत आखूड लाटा असतील आणि स्फटिकांत खरोखरच अणूंच्या रांगा असतील, तर त्या रांगांवरून परतणाऱ्या लाटा कांहीं ठराविक दिशांनाच एकमेकींना बळ देतील, आणि छायाचित्राच्या कांचेवर सुटे सुटे ठिपके उमटतील. जाणत्या वडील मंडळींना यश येईल असें वाटत नव्हतें. तरीहि फ्रीड्रिख व क्निपिंग या दोघां सहकाऱ्यांनीं मोरचुदाचा एक स्फटिक घेऊन त्यावर क्ष-किरण सोडले. कांच धुतली तेव्हां तिच्यावर ठिपके होते. एकाच प्रयोगानें दोन गोष्टी सिद्ध झाल्या: क्ष-किरण लाटा आहेत, आणि स्फटिकांत जालक आहे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत केंब्रिजमध्यें विल्यम लॉरेन्स ब्रॅग या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्या ठिपक्यांचा अर्थ लावण्याची सोपी रीत सांगितली. पुढें वडिलांच्या साहाय्यानें त्यानें मिठाची रचना उलगडली. मिठांत सोडियम व क्लोरिन यांचे कण तिन्ही दिशांना बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणें आळीपाळीनें बसलेले असतात. ती रचना ज्या घनांत पुनःपुनः येते त्याची एक बाजू सेंटिमीटरच्या दहा कोटी भागांपैकीं साडेपांच भागांहून किंचित् अधिक आहे. म्हणजे मिठाच्या लहानशा कणाच्या एका कडेवरहि असे पांच लाखांच्या वर घन ओळीनें मावतात. रसायनशास्त्रांतील जुन्या पिढीस हें रुचलें नाहीं. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध रसायनज्ञानें १९२७ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत पत्र लिहून या पटाची चेष्टा केली. पण मिठानें आपली रचना बदलली नाहीं. ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां पुत्राचें वय पंचवीस वर्षांचें होतें. बर्फाच्या आंतील रचनाहि याच रीतीनें पुढें समजली. तींत पाण्याचे रेणु षट्कोनी कड्यांनीं जोडलेले आढळले, आणि केप्लरच्या प्रश्नाला उत्तर मिळालें.

यानंतर स्फटिकाची व्याख्या पक्की झाली: ज्यांत अणूंची मांडणी तिन्ही दिशांना पुनःपुनः तशीच येते तो स्फटिक. ही व्याख्या मींहि अनेक वर्षें वर्गांत सांगितली. तुरटीच्या द्रावणांत दोरा सोडून मुलांकडून अष्टपैलू स्फटिक वाढवून घ्यावयाचे आणि फळ्यावर ही व्याख्या लिहावयाची, असा माझा परिपाठ होता. आतां तिच्यावर आलेला प्रसंग सांगतों.

१९८२ सालच्या एप्रिलच्या ८ तारखेस, अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांत, राष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रयोगशाळेंत डॅनिअल शेख्टमान हे इस्रायली धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियम व मँगेनीज यांच्या, अतिशय वेगानें थंड केलेल्या मिश्रधातूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. उमटलेले ठिपके लख्ख व सुटे होते, म्हणजे मांडणी सुव्यवस्थित होती. परंतु ते वर्तुळावर दहा होते. जेथें पांचाला मज्जाव, तेथें दहालाहि मज्जावच. शेख्टमान यांनीं आपल्या वहींत दहाच्या आवर्तनाची नोंद केली आणि तिच्यापुढें तीन प्रश्नचिन्हें लिहिलीं.

पुढील दोन वर्षें त्यांना फार जड गेलीं. गटाच्या प्रमुखानें त्यांच्या टेबलावर स्फटिकविद्येचें पाठ्यपुस्तक आणून ठेवलें व तें वाचावयास सांगितलें. पुढें तर त्यांना तो गटच सोडावा लागला. त्यांचा निबंध एकदां परत आला. अखेर १९८४ च्या नोव्हेंबरांत तीन सहकाऱ्यांच्या नांवांसह तो प्रसिद्ध झाला. तेव्हां विरोधास उभे राहिले लायनस पॉलिंग, दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी. त्यांचें म्हणणें असें कीं हे साधेच स्फटिक कोनांत जुळून जुळ्यांसारखे वाढले आहेत व त्यामुळें दहाचा भास होतो. ही शंका पोरकट नव्हती. असे जुळे स्फटिक पूर्वीं अनेकांनीं पाहिले होते. परंतु शेख्टमान यांनीं हीच शंका स्वतः घेऊन तुकड्याचे अगदीं लहान लहान भाग तपासले होते, आणि जोड कोठेंहि आढळला नव्हता. १९८७ च्या सुमारास जपान व फ्रान्स येथें अशा पदार्थांचे मोठे नमुने तयार झाले. क्ष-किरणांनीं त्यांचीहि तीच साक्ष दिली. तज्ज्ञांचा बहुतेक विरोध मावळला. पॉलिंग मात्र १९९४ सालीं निवर्तले तोंपर्यंत आपल्या मतावर ठाम होते.

मग आतांच आपण केलेली सिद्धता खोटी ठरली काय? मुळींच नाहीं. जालकांत पांचाला जागा नाहीं, हें आजहि तितकेंच खरें आहे. चूक होती ती सिद्धतेच्या अलीकडे, तिच्या उंबरठ्यावर. सुव्यवस्थित मांडणी म्हणजे पुनःपुनः येणारी मांडणी, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. तें कोणी सिद्ध केलें नव्हतें. तें सिद्ध करावयाचें राहिलें आहे, हेंच कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

पुनरावृत्तीवांचून व्यवस्था कशी असूं शकते, हें एका लहान उदाहरणानें पाहूं. पावलें दोन प्रकारचीं, लांब व आखूड. आरंभीं एक लांब पाऊल घ्या. नियम असा कीं दर फेरीस प्रत्येक लांब पावलाच्या जागीं ‘लांब, आखूड’ अशीं दोन पावलें घालावयाचीं, आणि आखूड पावलाच्या जागीं एक लांब. पहिल्या फेरीस मिळेल ‘लांब, आखूड’; दुसरीस ‘लांब, आखूड, लांब’; तिसरीस ‘लांब, आखूड, लांब, लांब, आखूड’. असें कितीहि चालवा. प्रत्येक पाऊल नियमानें बांधलेलें आहे, यदृच्छेनें पडलेलें एकहि नाहीं. तरीहि ती अखंड रांग कितीहि अंतर सरकविली तरी स्वतःशीं संपूर्णपणें जुळत नाहीं. रॉजर पेनरोझ या इंग्रज गणितज्ञांनीं १९७४ सालीं दोनच आकारांच्या फरशांनीं सारी जमीन फटीवांचून भरणारी व कधींहि पुनरावृत्त न होणारी रचना दाखविली होती, आणि तिच्यांत पांचाची सममिति डोळ्यांना भरते. लेव्हिन व स्टाइनहार्ट यांनीं १९८४ सालीं अशाच कल्पनेवरून शेख्टमान यांच्या ठिपक्यांचा उलगडा केला व या पदार्थांना क्वासिक्रिस्टल, म्हणजे स्फटिकासारखे, असें नांव दिलें.

१९९२ सालीं स्फटिकविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघानें व्याख्या बदलली. आतां स्फटिक म्हणजे पुनरावृत्त मांडणी असें न म्हणतां, ज्याच्या किरणचित्रांत मुख्यतः सुटे व स्पष्ट ठिपके उमटतात तो घन पदार्थ, असें म्हणतात. २०११ सालीं शेख्टमान यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक एकट्यांना देण्यांत आलें. हें सारें मला कळलें तें नोकरीच्या अखेरीस. म्हणजे व्याख्या बदलल्यावरहि कित्येक वर्षें मीं जुनीच मुलांकडून पाठ करून घेत होतों. मिठाला व तुरटीला ती आजहि लागू आहे, म्हणून मुलांचें मोठें नुकसान झालें नसावें. पण ‘आतांपर्यंत पाहिलेले स्फटिक असे आहेत’ आणि ‘स्फटिक असाच असला पाहिजे’ या दोन वाक्यांतील अंतर मीं त्यांना कधीं दाखविलें नाहीं, याची मला खंत वाटते.

शेवटीं एक योगायोग सांगून पुरें करतों. असा पदार्थ केवळ प्रयोगशाळेंतच होतो कीं निसर्गांतहि, हें पाहण्यासाठीं जुने खनिजसंग्रह धुंडाळण्यांत आले. रशियाच्या अगदीं पूर्वेकडील डोंगरांतून आलेल्या एका लहानशा दगडांत असा कण आढळला, आणि २००९ सालीं तें प्रसिद्ध झालें. तो दगड पुढें आकाशांतून पडलेल्या अशनीचा ठरला. आढळला तेव्हां तो होता फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांत, ज्या शहरीं स्टेनोनें गारेचे कोन न्याहाळले होते त्याच शहरीं. पेटींत नांवाची चिठ्ठी लावून तो ठेवलेला होता. त्याच्यांत पांचाचें आवर्तन आहे कीं काय, हें मात्र त्यापूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें. कारण तें असणें शक्य नाहीं, असें सर्वांना ठाऊक होतें.